बेलापूरच्या हिरकण्या

गेल्या आश्विनात एका किरकोळ कामासाठी बेलापूरला जाणं झालं. काम लवकर आटोपलं, रिक्षा मिळेना, म्हणून डोंगराच्या कडेकडेने स्टेशनकडे चालत निघाले. एका नव्या सोसायटीच्या कंपाउंडला लागून घाणेरीचं एक झुडूप कसं कोण जाणे, उरलं होतं. जाताजाता हात लागला, पान चुरगळलं, आणि तो उग्र, हिरवट, किंचित रॉकेलसारखा वास नाकात शिरला. मी तिथंच थांबले. समोर डोंगर होता, पण अर्ध्या उंचीपर्यंत इमारतींनी झाकलेला. आमची उतरण नेमकी कुठली, ते काही केल्या ओळखू येईना. वास मात्र तोच होता. आमच्या सेक्टरात त्याला घाणेरीचा वास कुणी म्हणतच नसे. तो हिरकणीचा वास होता.

सत्तरचं दशक सरत आलं होतं तेव्हा आम्ही गिरगावातली खोली सोडून इथं आलो. नवी मुंबई हे नाव तेव्हा पाटीवर होतं, जमिनीवर अजून उतरलं नव्हतं. डोंगराच्या पायथ्याशी पिवळ्या रंगाच्या काही इमारती, त्यांच्या मध्ये आखलेले पण अजून न झालेले रस्ते, आणि पलीकडे खाडीपर्यंत नुसतं मोकळं. भरतीच्या वेळी वारा सुटला की चिखलाचा आणि मिठागरांचा वास थेट स्वयंपाकघरात यायचा. दुपारी डोंगराच्या दुसऱ्या अंगाला खाणीत सुरुंग उडायचे आणि फडताळातल्या कपबशा किणकिणायच्या. अंधार पडला की कोल्हे ओरडत. मुंबईहून येणारी बस चुकली तर पुढची कधी येईल ते ड्रायव्हरलाही ठाऊक नसे. दादरचा पाहुणा आमच्याकडे यायचा तो निघतानाच थकलेला असायचा.

सगळे नवखे. कुणी सांगलीकडचे, कुणी चिपळूणचे, कुणी परळच्या चाळीतून आलेले. संध्याकाळी बायका जिन्यात बसून आपापल्या गावच्या गोष्टी सांगत, आणि बोलता बोलता एकदम गप्प होत. त्या गप्प होण्याचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी कळला.

विमलकाकू आमच्या समोरच्या दारात राहायच्या. महाडच्या. उंच, सावळ्या, केस करकचून बांधलेले, आणि हसताना तोंडावर हात घ्यायची सवय. त्यांचे यजमान, नानाकाका, डोंगराखालच्या सरकारी कचेरीत होते. मोठ्या आवाजाचे आणि मऊ मनाचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यामुळे जिन्यातली आम्ही सगळी पोरं दिवसभर त्यांच्याच घरात. काकूंच्या घराला तांदळाच्या पापडांचा आणि नानाकाकांच्या तपकिरीचा असा मिसळलेला वास होता.

पहिल्या वर्षी कोजागरीला सगळे गच्चीवर जमलो. स्टोव्हवर दूध आटत होतं. दिवस नुकताच मावळला होता आणि खाडीच्या बाजूला आभाळ अजून तांबूस होतं. डोंगराच्या मागून चंद्र वर आला तशा काकू एकदम म्हणाल्या, "आमच्याकडे आजच्या दिवशी हिरकणीची गोष्ट सांगतात."

"कुठली हो?" माझ्या आईने विचारलं. आईने गोष्ट शाळेत वाचलेली होती, पण काकूंच्या तोंडून ऐकायची होती.

"गवळण ती. रायगडाखालच्या गावातली. रोज गडावर दूध घालायला जायची. कोजागरीच्या दिवशी गिऱ्हाईक जास्त, वेळ झाला, आणि दिवस मावळला तसे गडाचे दरवाजे लागले. घरी तान्हं मूल. पहारेकऱ्यांच्या पाया पडली, पण हुकूम म्हणजे हुकूम. मग काय, कडा उतरून गेली. जिथून वारासुद्धा जपून उतरतो, तिथून. महाराजांना कळलं तेव्हा त्यांनी तिला बोलावून साडीचोळी दिली आणि त्या जागी बुरूज बांधला. तिच्या नावाचा."

सगळ्यांचं लक्ष समोरच्या डोंगराकडे होतं.

"आपल्याकडे पण डोंगर आहेच की," काकू म्हणाल्या.

"आणि दूध पण आहे," आई म्हणाली. सगळ्या बायका हसल्या. पुढच्या कोजागरीला आमच्या वस्तीत हिरकणीचा उत्सव सुरू झाला.

पहिली हिरकणी माझी आई. पाळण्यात माझा धाकटा भाऊ. आईने आयुष्यात पहिल्यांदा नऊवारी नेसलं होतं आणि ती सारखी मागे वळून कासोटा चाचपून बघत होती.

दरवर्षी सगळं ठरल्याप्रमाणे व्हायचं. दुपार कलली की हिरकणी डोक्यावर तांब्याची कळशी घेऊन डोंगर चढायची. दूध घरच्या म्हशीचंच हवं, असा काकूंचा हट्ट. दूधकेंद्रातल्या बाटलीतलं चालायचं नाही. ते शेजारच्या गावठाणातून यायचं. वर सपाटीवर बांबूचा दरवाजा उभारलेला असायचा, त्याला झेंडूचं तोरण. तिथं हिरकणी दूध वाटायची. खाणीतले कामगार, गुराखी, फिरायला आलेले साहेबलोक, सगळ्यांना. मग सूर्य खाडीत टेकला की शिंग वाजायचं आणि पहारेकरी ओरडायचा, "दरवाजे बंद!" दरवाजाच्या दोन्ही बाजूंना नुसतं मोकळं माळरान. तरी त्या बंद दरवाजातून जायची कुणाची छाती होत नसे.

मग उतरण. रस्ता सोडून, घाणेरीतून, पिवळ्या पडत चाललेल्या गवतातून, काकूंनी चुन्याचे ठिपके मारून ठेवलेल्या वाटेने. आम्ही मुली परकर-पोलकी घालून, बॅटऱ्या घेऊन बाजूच्या पायवाटेने तिच्या बरोबरीने उतरायचो. खाली पेट्रोमॅक्सच्या उजेडात सगळी वस्ती उभी. पाळणा, त्याला फुलांच्या माळा, आणि पाळण्यात बाळ. हिरकणी आली की बाळाला उराशी धरायची. बायका तिची ओटी भरायच्या आणि किल्लेदार महाराजांच्या वतीने साडीचोळी द्यायचा. महाराजांचं सोंग कुणी घ्यायचं नाही, हा काकूंचाच नियम. किल्लेदार दरवर्षी नानाकाका. डोक्यावर पागोटं, भल्याथोरल्या चिकटवलेल्या मिश्या. "हिरकणी! महाराज प्रसन्न आहेत! काय हवं ते माग!" हा आवाज गावठाणापर्यंत जायचा. त्यानंतर जायफळ घातलेलं दूध, चारोळ्या, भेळ. दुधावरची साय ओठाला चिकटायची आणि वरून दव पडायला लागायचं.

एक अडचण मात्र पहिल्याच वर्षी आली. माझा भाऊ सगळा वेळ गाढ झोपून राहिला. आई धापा टाकत खाली आली तरी हा झोपलेलाच. पुढच्या वर्षीपासून मग साठेकाका माइकवर तान्ह्या बाळाचं रडणं काढून दाखवू लागले. पूर्ण टक्कल, जाड भिंगाचा चश्मा, आणि लाउडस्पीकरमधून असं हुबेहूब ट्यँहँ, की जवळपासच्या खऱ्या आया दचकून उठायच्या.

काकू प्रत्येक हिरकणीला शिकवायच्या. कळशी कशी पेलायची, विनवणी करताना आवाज कुठे पाडायचा, उतरताना पाय आडवा कसा ठेवायचा. उत्सव जवळ आला की त्यांच्या घरात लुगड्यांना जरीचे काठ शिवले जायचे, आणि शिलाई मशिनच्या त्या खडखडीत मला दिवाळीपेक्षा जास्त दिवाळी वाटायची. पण त्या स्वतः कधी उतरल्या नाहीत. हिरकणी लेकुरवाळीच हवी, असं कुणी कधी ठरवलेलं नव्हतं, तरी तसंच होत आलं होतं.

मी तेरा-चौदा वर्षांची असेन. त्या वर्षीची बैठक आमच्याच घरी होती. पोह्यांच्या बश्या फिरत होत्या. नावं निघत होती. आई एकदम म्हणाली, "या वर्षी विमलताई उतरतील."

चमच्यांचे आवाज थांबले. साठेबाई, म्हणजे माइकवाल्या साठेकाकांची बायको, वयाने सगळ्यांत मोठ्या. वाईट बाई नव्हत्या. आजारी माणसाच्या घरी पहिला डबा त्यांचाच जायचा. त्यांनी बशी खाली ठेवली.

"विमल, तू मनाला लावून घेऊ नकोस," त्या म्हणाल्या. "पण तान्हं मूल हातात द्यायचं, ओटी भरायची... आपण एक रीत पाडली आहे. उद्या लोक चार शब्द बोलतील, ते तुलाच लागतील."

"रीत कुणी पाडली? विमलताईंनीच ना?" आई म्हणाली.

"बरोबर आहे त्यांचं," काकूच म्हणाल्या, आणि रिकाम्या बश्या गोळा करायला लागल्या. तोंडावर हात नव्हता. हसणं नव्हतंच ना.

दाराशी फुलाबाय बसली होती. गावठाणातली. सुकट, जवळा, कधी ताजी कोळंबी घेऊन आमच्या जिन्यात यायची. आमच्या बिल्डिंगा उभ्या होत्या ती जमीन तिच्या सासऱ्याची. पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवून ती सांगायची, "इथं आमचा खला होता. भात झोडायचो." म्हणजे खळं. त्या वर्षी पाळण्यात तिचा मुलगा ठेवायचं ठरलं होतं, म्हणून ती बैठकीला आली होती. मूल तिच्या मांडीवरच पीत होतं. तिने पदर सारखा केला.

"पोर माजा हाय ना?" ती म्हणाली.

"हो गं, तुझाच," साठेबाई म्हणाल्या.

"मंग तो कोनाचे हातात द्यायचा ता मी ठरवीन. ही बाय उतरंल तर माजा पोर पालन्यात. नाय तर नाय." मग जरा थांबून म्हणाली, "आनि डोंगर बी आमचाच हाय."

साठेबाई उठून आत पाणी प्यायला गेल्या. काकू हातात बश्यांची चळत घेऊन तशाच उभ्या राहिल्या. आईने ती त्यांच्या हातून काढून घेतली.

कोजागरीच्या दुपारी काकूंनी अंजिरी रंगाचं लुगडं नेसलं. आम्ही मुली त्यांच्याबरोबर चढलो. त्यांनी वर छान दूध वाटलं, विनवणी तर अशी केली की पहारेकरी झालेले कुलकर्णी गडबडले आणि "जा, जा बाई" म्हणाले. सगळे हसले. सूर्य गेला. काकू उतरायला लागल्या.

निम्म्या उतारावर एक मोठा काळा दगड होता. त्याला वळसा घालताना प्रत्येक हिरकणी जराशी अडखळायची. काकू तिथं आल्या आणि बसल्या. मी बॅटरी मारली.

"काकू, काय झालं? लागलं का?"

"नाही गं. बसू दे जरा."

"खाली सगळे वाट बघतायत."

"हिरकणीची बघतायत," काकू म्हणाल्या. "माझी कोण बघतंय?"

मी त्यांच्या शेजारी बसले. खालून पेट्रोमॅक्सची सूं सूं ऐकू येत होती. माणसांची कुजबुज मोठी होत चालली होती. चंद्र वर आला होता आणि सगळं गवत पांढरं दिसत होतं. कुणीतरी माइकवर फुंकर मारून बघितली.

आणि रडणं आलं.

आधी आम्हाला साठेकाकाच वाटले. पण हे माइकमधून येत नव्हतं. बारीक होतं, चिरकं होतं, मध्येच श्वास अडकत होता आणि पुन्हा दुप्पट जोराने सुटत होतं. काकूंनी मान वर केली. ऐकत राहिल्या.

"हे साठ्यांचं नाही," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

चुन्याचे ठिपके राहिले बाजूला. काकू सरळ उतारालाच लागल्या. घाणेरीत शिरल्या, फांद्या मोडत, बसत, घसरत, हाताला येईल ते धरत. आम्ही पायवाटेने धावत होतो तरी मागे पडत होतो. "काकू, हळू!" मी ओरडले. त्यांना ऐकू गेलं नसावं. मोडलेल्या घाणेरीचा वास सगळ्या उतारावर भरून राहिला होता.

उतारावरूनच दिसलं, खाली फुलाबाय पाळण्याशेजारी उभी होती, हाताची घडी घालून. पोर रडून लाल झालं होतं आणि ती उचलत नव्हती. बायका म्हणत होत्या, "अगं घे त्याला, घे." ती मान हलवत होती. पुढे कितीतरी दिवस ती सांगायची, "माजा जीव तुटत होता. पन नाय उचलला."

काकू उजेडात आल्या. अंबाडा सुटलेला, केसांत पानं, कोपर खरचटलेलं, लुगडं गुडघ्यावर फाटलेलं. त्यांनी कुणाकडे बघितलं नाही. पाळण्यात हात घालून पोराला उचललं. गोष्टीतल्यासारखं ते लगेच शांत झालं नाही. उलट जास्तच ओरडलं, पाय झाडले, काकूंच्या तोंडावर मारलं. मग त्याच्या मुठीत मंगळसूत्र आलं. ते त्याने तोंडात घातलं, चावून बघितलं, आणि हुंदके देत देत गप्प झालं.

एवढी वस्ती पाळण्याभोवती आणखी जवळ सरकली.

नानाकाका पुढे आले. हातात साडीचोळीचं ताट. "हिरकणी," त्यांनी सुरुवात केली. खाकरले. "हिरकणी, महाराज प्रसन्न आहेत. काय हवं ते माग."

हिरकणीचं उत्तर ठरलेलं होतं. काकूंनीच लिहिलेलं, दरवर्षी दुसऱ्या कुणाकडून पाठ करून घेतलेलं. काकूंनी पोराला कडेवर नीट घेतलं. मग अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, "काही नको हो. घरी चला आता. गुडघा फुटलाय माझा."

हशा पिकला. नानाकाकाही हसायला गेले, पण त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यात एका बाजूची मिशी सुटली आणि गालावर लोंबायला लागली. ती सावरायला त्यांच्याकडे हात मोकळा नव्हता.

ओटीचं ताट साठेबाईंकडे होतं. त्या गर्दीच्या मागे होत्या. लोकांनी वाट दिली तशा पुढे आल्या. काकूंच्या पदरात तांदूळ आणि नारळ घातला, कपाळाला कुंकू लावलं. मग तिथंच खाली बसून त्यांच्या लुगड्याला लागलेली गवताची कुसळं एकेक करून काढत राहिल्या.

"राहू दे हो, मी काढीन घरी," काकू म्हणाल्या.

"थांब गं जरा," साठेबाई म्हणाल्या. "टोचतील बाळाला."

त्यानंतर हिरकणी कोण, हा प्रश्नच राहिला नाही. एका वर्षी शाळेतल्या बाई उतरल्या, ज्यांचं लग्न झालेलं नव्हतं. एका वर्षी खुद्द फुलाबाय उतरली, तीही इतक्या झपाट्याने की खाली पेट्रोमॅक्स पेटायचे होते आणि नानाकाका मिश्या लावत होते. "यवडं काय त्यात?" ती म्हणाली. "मी रोज उतरते लाकडा घेऊन."

मग उत्सव कधी कमी झाला, ते सांगता येत नाही. घराघरात टीव्ही आले. खाडीवरून गाडी येणार, असं लोक बोलू लागले. नेरूळला, पुढे आणखी पलीकडे घरं होत गेली, आणि ओळखीची माणसं एकेक करून तिकडे गेली. डोंगरावर एक दिवस तारेचं कुंपण दिसलं. मी कॉलेजला जायला लागले होते. बसमध्ये खिडकीशी बसून मी त्या उतरणीकडे बघायची, आणि परीक्षेचा विचार करायची.

नानाकाका निवृत्त झाले तसे ते दोघं महाडला परत गेले. एकदा पत्र, दोनदा पत्र, आणि मग नेहमीसारखं तेही थांबलं. काकू गेल्याचं आईला कुणाकडून तरी उशिरा कळलं. आई त्या दिवशी दूध तापवायला ठेवून विसरली होती.

त्या सोसायटीच्या भिंतीपाशी मी बराच वेळ उभी होते. वॉचमन आला. "मॅडम, कुणाकडे जायचंय?" म्हणाला. "कुणाकडे नाही," मी म्हटलं, आणि तो समजुतीने मान हलवून गेला. घाणेरीचा वास बोटांना होता. आणि डोळ्यांपुढे आली ती काकूंची ती गाजलेली उतरण नाही. आली ती शेवटची कोजागरी.

त्या वर्षी स्टेज नव्हतं, माइक नव्हता, पाळणासुद्धा नव्हता. काकूंचं सामान बांधून झालं होतं. हिरकणी व्हायला कुणी राहिलंच नव्हतं, म्हणून उरलेल्या बायका सगळ्याच वर गेल्या. आई, काकू, साठेबाई, फुलाबाय, आणि मी. ॲल्युमिनियमच्या डब्यात दूध नेलं आणि सपाटीवर बसून आम्हीच प्यालो. सूर्य बुडाला. शिंग वाजलं नाही. दरवाजा नव्हता, तेव्हा तो बंद करायलाही कुणी नव्हतं. मग साठेबाईंना मध्ये घेऊन, एकमेकींचे हात धरून, हसत, घसरत, घाणेरीच्या काट्यांना शिव्या देत सगळ्या उतरलो.

खाली आलो तर सेक्टर शांत होता. घराघरातून टीव्हीचा निळा उजेड खिडक्यांवर हलत होता. रस्त्यावर एक कुत्रं होतं, तेही उठलं नाही.

"चला, पोचलो," काकू म्हणाल्या.

आणि दिव्याच्या खांबाखाली, भर रस्त्यात, फुलाबायने माझ्या आईचे दोन्ही हात धरले आणि फुगडीचा फेर घेतला. साठेबाई "अगं पडाल, पडाल" म्हणत टाळ्या वाजवायला लागल्या. काकू गुडघा धरून फुटपाथवर बसल्या आणि तोंडावर हात न घेता, मोठ्याने हसत राहिल्या. वाट बघणारं कुणी नव्हतं. घरी जायची कुणालाच घाई नव्हती.